खळ्यावरची सहावी जागा

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवार. भिसेगावच्या मागचं आमचं खळं.

हजर: गणपा, हिरू, तुकाराम, रघू आणि रघूचा भाऊ सोनू. माझी विधवा बहीण अक्का. माझी मुलगी यमू. मी.

गैरहजर म्हणून कुणाचं नाव लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. शाळेत पटावरून नाव एकदा कमी केलं की त्यापुढे कुणी रोज गैरहजेरी मांडत नाही. घरीही तोच नियम. तरी दर वर्षी खळं करायला घेतलं की हात त्या ओळीपाशी थांबतो.

मी कर्जतच्या शाळेत कवायत शिकवतो आणि उरलेल्या वेळात शेती करतो. दोन्ही कामं यादीवाचून होत नाहीत. आजची यादी अशी: उरलेले भारे शेतातून आणणं, खळ्याच्या कडेला भाऱ्यांची उडवी रचणं, मधोमध मळणीचा खांब, म्हणजे मेढ, रोवणं, सुपं दुरुस्त करणं, बिनबुडाची टोपली बुरूडाकडून आणणं. शेवटी आणखी एक काम लिहिलं आहे. ते गेल्या वर्षीच्या यादीत होतं, त्याच्या आदल्या वर्षीच्याही.

खळं कालच सारवून झालं. गवत तासायचं, माती भिजवायची, चोपण्यांनी चोपून घट्ट करायची, सुकू द्यायची आणि मग शेणानं सारवायची. सारवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा जो वास येतो, थोडा हिरवा, थोडा धुरकट, त्यात शेजारच्या नव्या पेंढ्याचा कोरडा वास मिसळतो. माणसं म्हणे अत्तराच्या वासानं आठवतात. मला एक माणूस शेणाच्या वासानं आठवतं. द्वारका, माझी बायको, हे ऐकून चिडली असती आणि मग पदर तोंडाला लावून हसली असती.

*

घाटात कोळशाची इंजिनं जाऊन विजेची आली त्याला फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. मुंबईला शिक्षकांसाठी कसरतीचा एक वर्ग भरला होता, तिथं मी बास्केटबॉल पहिल्यांदा पाहिला. पाच माणसं इकडची, पाच तिकडची, आणि उंचावर लोखंडी कडी. येताना पिशवीत एक कातडी चेंडू आणि त्याच्या पोटातला जादा रबरी फुगा घेऊन आलो. द्वारकानं चेंडू दोन्ही हातांत धरून दाबून पाहिला.

"एवढं लांब जाऊन भोपळा आनलात?"

"खेळायचा आहे."

"कुटं?"

तीच तर अडचण होती. शाळेच्या पटांगणात दगड, शेतात भाताची खुंटं, आणि चेंडू तर जमिनीवर आपटत न्यायचा. आमच्या पंचक्रोशीत सपाट, टणक, बिनखड्याची जागा एकच असते. मळणी झालेलं खळं. मी तसं म्हटल्यावर द्वारका उठून खळ्याकडे एक नजर टाकून आली. मग तिनं अटी घातल्या. मळणी आटपून दाणे घरात येईपर्यंत चेंडू बाहेर काढायचा नाही. खळ्यावर लक्ष्मी असते, म्हणून कुणी वहाण घालून यायचं नाही. आणि पायांनी उकरलेलं खळं दर आठवड्याला खेळणाऱ्यांनीच सारवायचं. "माज्या हातानं नाय. सांगून ठेवते."

त्यामुळे मळणीनंतर मधली मेढ खळ्याच्या एका काठाला गेली, तिच्या डोक्याला पिंपाची लोखंडी कडी आणि तिच्यात बुरूडाची बिनबुडाची टोपली बसली, आणि शनिवारी गणपा शेणाच्या पाटीपाशी उकिडवा बसू लागला. गणपा म्हणजे भिसेगावातला सगळ्यांत दांडगा माणूस. दोन भारे एकदम डोक्यावर घेणारा.

"गुरुजी, आईनं बगितलं तर मला लुगडं नेसवील."

"बोटं जुळवून फिरव रं," द्वारका ओटीवरून म्हणायची. "रेघा दिसतात. तुजी आय काय, म्हसरंबी हसतील."

*

खेळ शिकवायला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळली. वर हजेरीत लिहिलेली ही पाच माणसं बळकट होती, चपळ होती, नेमही बरा होता. पण एकाच्या हाती चेंडू आला की उरलेले चारही त्याच्याकडे धावत. हात पुढे करून, त्याला खेटून उभे राहत. समोर उभी केलेली गावातली पाच पोरंही अर्थातच तिथंच जमत. दहा माणसांचा गठ्ठा, मध्ये चेंडू आणि बाकी अर्धं खळं रिकामं.

मी ओरडलो, शिटी फुंकली, रेघा मारल्या. काही फरक पडेना. शेवटी कारण लक्षात आलं आणि मी शिटी खिशात ठेवली.

आमच्याकडे भाताचा भारा एकट्यानं डोक्यावर घेत नाहीत. घेता येत नाही. वाकलेला माणूस ओरडतो, "हात लाव रं!" जो जवळ असेल तो हातातलं टाकून धावतो. वाटेनं जाणारा परका असला तरी थांबतो. उतरवतानाही तसंच. डोक्यावर ओझं घेतलेला माणूस दिसला आणि आपण धावलो नाही तर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. ही माणसं चालायला लागल्यापासून हेच शिकलेली. त्यांना गणपाच्या हातातला चेंडू दिसत नव्हता, गणपाच्या डोक्यावरचा भारा दिसत होता.

मग मी त्यांना खळ्याच्या काठावर बसवलं आणि म्हटलं, "हा भारा वेगळा आहे. याला हात लावायचा तर लांब जावं लागतं. तू जवळ गेलास की तुझ्यामागं तुझा राखणदार, समोरच्यांतला तुझ्यावर नेमलेला गडी, येतो. म्हणजे गणपासमोर एक होता, त्याचे दोन झाले. तू ओझं उतरवलं नाहीस, वाढवलंस."

"मंग आमी काय नुस्तं उबं ऱ्हायाचं?" रघू म्हणाला. "खळ्यावर नुस्ता उबा माणूस म्हंजी बैलालाबी लाज वाटंल."

"नुसता नाही. दिसेल असा उभा. गणपानं मान वर केली की त्याला तू दिसला पाहिजेस, मध्ये कुणी नको. हात वर करायचा. म्हणजे, मी इथं आहे, मोकळा आहे."

चुलीतली राख आणून मी खळ्यावर पाच वर्तुळं काढली. टोपलीभोवती अर्ध्या चंद्रासारखी, एकमेकांपासून दूर. प्रत्येकानं एक जागा धरायची. चेंडू दिला की टोपलीकडे सरळ धाव घ्यायची. परत मिळाला तर टाकायचा, नाही मिळाला तर पलीकडच्या रिकाम्या राखेत जाऊन उभं राहायचं, आणि बाकीच्यांनी एकेक जागा सरकायचं. चेंडू हाती आल्यावर विचार करायचा नाही, चेंडू येण्याआधी करायचा. आणि तोही एकच. माझा राखणदार कुणाकडे बघतोय? तो चेंडूकडे बघत असेल तर त्याच्या मानेमागून पळ. तुझ्याकडे बघत असेल तर जागचा हलू नकोस. तू त्याला तिथं बांधून ठेवलंयस, तेवढी जागा दुसऱ्याला मोकळी झाली. तेही कामच आहे.

हे सगळ्यांत आधी हिरूला कळलं. हिरू डोंगराच्या वाडीतला ठाकर. मधाच्या पोळ्यापाशी किंवा शिकारीला माणसं लांब लांब का बसतात हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. तो राखेत उभा राहायचा तो असा की पाहणाऱ्याला वाटावं, हा खेळात नाहीच.

"हिरूदादा, जागा हाय का?" रघू त्याला चिडवायचा.

"हाय की," हिरू शांतपणे म्हणायचा. "तू जागा हो."

*

द्वारका ओटीवर भात उफणत असायची आणि तिचं लक्ष आमच्यावर असायचं. एकदा खेळ थांबवून मी पाणी प्यायला गेलो तर म्हणाली, "डाव्या अंगाला कोनीच नव्हतं. मगापासून."

"तुला कसं दिसलं?"

"तुमी चेंडूमागं मान फिरवता. मी सूप धरते तवा दाने नाय बगत. वारा कुटून येतोय ते बगते."

पुढच्या आठवड्यापासून ती ओटीवरूनच हाका मारू लागली. "गनपा, हिरूकडं कोनी नाय! आरं, बग तरी!" पोरांनाही त्याची सवय झाली. चेंडू हातात आला की गणपा आधी ओटीकडे एक नजर टाकायचा. मी त्याला रागवायचो, कारण सामन्याला ओटी बरोबर नेता येत नाही. गणपा म्हणायचा, "मग वयनीला घेऊन जाऊ की!"

त्या हिवाळ्याला आता बराच काळ लोटला. शिकवण्याच्या कामात वर्षं मोजायची तर ती वर्गांनी मोजावीत. तेव्हा शाळेत शिरलेली पोरं आता मिशा कातरू लागली. पण तो हिवाळा मला अजून तुकड्यांतच दिसतो. सुपातून उडणारा कोंडा उन्हात सोनेरी व्हायचा आणि त्याच्यापलीकडे द्वारकाचा चेहरा धूसर दिसायचा. तिनं एक दिवस खोकला आला म्हणून सूप खाली ठेवलं. कोंडा घशात गेला असं ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. कोंड्यानं खोकला येतोच.

पुढच्या पावसाळ्यात कोंडा नव्हता, तरी खोकला होता. भाद्रपदात डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली आणि मला बाहेर बोलावलं. क्षय. उघडी हवा, दूध, अंडी, विश्रांती. भांडी वेगळी. आणि मुलीला जवळ येऊ द्यायचं नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. यमू तेव्हा पाच वर्षांची होती आणि रात्री आईच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हती.

लांबच्या एका आरोग्यधामाचं नाव डॉक्टरांनी सुचवलं. मी चौकशी केली, सामानाची यादीसुद्धा केली. द्वारकानं ती ऐकून घेतली.

"तिकडं मला कोन दिसनार?"

"बरी होऊन येशील."

"डाक्टर तसं म्हनाले?"

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, प्रयत्न करून पाहू. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण तिच्यासमोर येत नसे.

तिनं खळ्याच्या पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. तिथं ऐनाचं झाड आहे. "तितं खोप बांदा. घराकडं तोंड करून. पोरगी ओटीवर ऱ्हाईल, मी तितं. मदी खळं." आणि मग, माझं तोंड पाहून: "तुमीच शिकवता ना पोरांना? लांब जायाचं, पर दिसत ऱ्हायाचं. मंग?"

*

पाऊस सरताच खोप हिरूनं बांधली. कारवीच्या भिंती, पेंढ्याचं छप्पर, खळ्याकडची बाजू उघडी. तुकारामनं आत बाज टाकली. अक्का माहेरी राहायला आली आणि तिनं यमूला सांभाळायचं व खोपीत जेवण न्यायचं, दोन्ही पत्करलं. गणपानं खळं सारवलं, कुणी न सांगता, आणि या वेळी रेघा दिसल्या नाहीत.

यमूला समजावणं राहिलं.

पहिल्या दिवशी ती ओटीवरून सुटली आणि खळ्याच्या मधोमध आली तोवर मी तिला उचललं. तिनं माझ्या खांद्याला चावा घेतला. खोपीतून द्वारका ओरडत होती, "नगं येऊस गं! नगं येऊस!" आणि आईच नको म्हणतेय हे ऐकून पोर अशी रडली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी अक्का दाराला कडी लावून दाराशी बसली आणि स्वतःच रडू लागली.

मी शिक्षक आहे. ज्याला एक गोष्ट समजत नाही त्याला ती दुसऱ्या रीतीनं सांगायची, एवढंच मला येतं. चुलीतली राख घेतली. ओटीच्या पायरीपाशी, खळ्याच्या अलीकडच्या काठावर एक वर्तुळ काढलं.

"गणपाकाकाची जागा असते ना? हिरूकाकाची? ही तुझी. सहावी."

तिनं रडणं थांबवून राखेकडे पाहिलं.

"इथं उभं राहायचं. जागा सोडायची नाही. सोडली की खेळ मोडतो. आणि हात वर करायचा, म्हणजे आईला दिसतं की तू आहेस."

"आणि आई?"

"आई पण करेल."

ती राखेत उभी राहिली आणि हात वर केला. खोपीत द्वारकानं उशीवरून मान उचलली. तिनं काय चाललंय ते लगेच ओळखलं. तिला डाव ओळखायला कधीच वेळ लागत नसे. तिनं हात वर केला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

"आई चेंडू कधी टाकणार?" यमूनं विचारलं.

"हात वर केला म्हणजे टाकलाच."

मला दुसरं काही सुचलं नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी उठल्यावर, दुपारी जेवल्यावर आणि दिवेलागणीला यमू आपल्या जागी जाऊन उभी राहू लागली. कधी नुसता हात. कधी नवं परकर-पोलकं दाखवायला गिरकी. कधी तोंडातला पडलेला दात चिमटीत उंच धरून. एवढ्या लांबून दात काय दिसणार! पण द्वारका खोपीतून म्हणायची, "बगितला गं, बगितला! केवडा मोटा!" मग खोकत राहायची. एकदाही यमूनं राखेची रेघ ओलांडली नाही. आलेगेले तिचं कौतुक करत. मीही केलं. माझ्या हाताखाली शिकलेल्यांत इतक्या लवकर जागा धरायला कुणी शिकलं नव्हतं.

*

फाल्गुनात सामना ठरला. स्टेशनातल्या नोकरांचा एक संघ होता. त्यांना हा खेळ कुण्या बाहेरून आलेल्या अंमलदारानं शिकवलेला. त्यांचं पटांगण चांगलं होतं, पण गणपा हटून बसला. सामना खळ्यावरच. त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं.

ते लोक पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आले. खळ्याच्या काठावर गणपानं हात आडवा धरला.

"बूट काढा साहेब. हितं लक्ष्मी असते."

"आम्ही अनवाणी खेळत नाही."

"मंग लाजू नका, आमी बगनार नाय," गणपा म्हणाला, आणि बूट उतरल्यावर लगेच रघूला: "पायबी गोरे हायेत की रं!" सगळेच हसले, त्यांचा कप्तानसुद्धा. खोपीतूनही हसू ऐकू आलं.

ते आमच्यापेक्षा फार बरे खेळत होते. उत्तरार्धात आम्ही इतके मागं पडलो की मोजण्यात अर्थ उरला नाही. मग एक डाव आला. चेंडू गणपाकडे, टोपलीच्या डाव्या हाताला. त्याच्यावर दोघे तुटून पडले. तो त्यांच्यात असा अडकला की फक्त त्याचे कोपर दिसत होते. आदल्या वर्षी असतं तर चौघं धावले असते. मला त्यांच्या पायांत ती धाव दिसली. तुकारामचा अंगठा राखेबाहेर आलासुद्धा. पण कुणी धावलं नाही. चौघं आपापल्या जागी, ताठ, तोंडं कासावीस. ऐनाच्या बाजूच्या कोपऱ्यात, खोपीच्या अगदी समोर, हिरू होता. त्याच्या राखणदारानं गंमत बघायला मान वळवली. हिरूनं हात वर केला. गणपानं त्या गर्दीतून मान उचलली, ओटीकडे पाहिलं नाही, खोपीकडे पाहिलं नाही, सरळ हिरूकडे चेंडू टाकला. हिरूनं तो घेतला आणि टोपलीत घातला, घरातल्या शिंक्यात काही ठेवावं तसा सहज.

मी खोपीकडे वळलो. द्वारकाचा हात वर होता. इकडे ओटीपाशी यमूचाही. त्या घटकेला खळ्यावर सात माणसं आपापल्या जागी होती, आणि प्रत्येकाला प्रत्येकजण दिसत होता.

आम्ही हरलो. गणपा घाम पुसत म्हणाला, "हरलो गुरुजी, पर लांब लांब उबं ऱ्हाऊन हरलो!"

संध्याकाळी मी खोपीच्या दाराशी बसलो होतो. द्वारका बराच वेळ टोपलीकडे बघत होती. म्हणाली, "तेवडं एक बगायचं व्हतं." आणि थोड्या वेळानं, "तो तुकाराम मात्र अंगटा भाईर काडतो. त्याला सांगा."

*

चैत्रात तिचा आवाज गेला. वैशाखात हात जड झाला.

अक्का सकाळी पेज घेऊन जायची, आणि यमू जागेवर आली की बाजेच्या पलीकडून द्वारकाचा हात मनगटाला धरून वर करायची. बांगड्या एव्हाना काढून ठेवल्या होत्या, राहत नव्हत्या. एवढ्या लांबून यमूला काही कळत नव्हतं. ती हात हलवायची, उड्या मारायची, काल मांजरीनं काय केलं ते ओरडून सांगायची. अक्का हात खाली ठेवायची आणि पदर डोळ्यांना लावायची, खोपीच्या आतल्या बाजूला वळून.

एका सकाळी अक्कानं हात उचलला नाही.

यमू राखेत उभी होती. हात वर. खळ्यावरचं सारवण उन्हानं तडकून त्याचे पोपडे निघाले होते, राखेचं वर्तुळ अर्धं वाऱ्यानं नेलं होतं. माणसं जमू लागली, खोपीकडे जाऊ लागली, बांबू आले. यमू तिथंच. हात दुखायला लागला की दुसऱ्या हातानं तो कोपराला धरून वर ठेवत होती. मला हे सगळं दिसत होतं आणि मी ज्या जागी होतो ती मला सोडता येत नव्हती.

आधी धावला गणपा. भारा पडायला आलेल्या माणसाकडे धावावं तसा, मधल्या सगळ्या राखेवरून. त्यानं तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि विहिरीकडे नेलं. त्याच्या खांद्यावरूनही तिचा हात वरच होता.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खोप जाळली. भांडी पुरली. बाज जाळली. ही कामं मी वेळेवर केली.

*

मी चूक केली असं मला वाटत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा राखच आणीन. डॉक्टरांनी यमूला दोनदा तपासलं आहे. छाती स्वच्छ आहे, वजन बरं आहे. तिला जगवायचं होतं आणि ती जगली. आईला ती शेवटपर्यंत दिसत राहिली. दोन्ही गोष्टी त्या राखेनं साधल्या.

पण यमू आता परकराचा काठ खाली सोडण्याइतकी मोठी झाली आहे आणि ती कुणाच्या जवळ जात नाही. पंगतीत आपला पाट सरकवून घेते. शाळेत बाकाच्या कडेला बसते. सणाला नमस्कार करते तो उंबऱ्यातून. अक्कानं वेणी घालायला बोलावलं तर स्वतःच घालून येते, वाकडी. हसते, बोलते, अभ्यास करते, पण सगळं हातभर नाही, खळंभर अंतरावरून. आणि गर्दीत, जत्रेत, स्टेशनावर, कुठेही असो, आपण मान वर केली की ती अशा ठिकाणी उभी असते की मध्ये कुणी नाही. डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, हा आजार नव्हे, आणि यावर औषधही नाही.

कधी खळ्यावर तिला खेळायला घेतो. अक्का कुरकुरते, पण घरचंच खळं आहे. तिच्याइतकी मोकळी जागा कुणाला सापडत नाही. हिरूसुद्धा मान डोलावतो. पण जवळ येऊन हातातून चेंडू घ्यायचा डाव आला की ती थांबते. मग आम्ही तो डाव सोडून देतो.

आज दुपारी भारे येत होते. बाकीचे शेतात होते, मी मेढीच्या खड्ड्यात माती दाबत होतो. गणपा मोठा भारा घेऊन खळ्याच्या काठाशी आला. त्याचे केस आता कानाशी पांढरे झाले आहेत आणि दोन भारे तो एकदम घेत नाही. समोर यमू होती, चार पावलांवर.

"हात लाव गं यमू!"

यमू वळली. गणपाकडे पाहिलं, त्याच्या डोक्यावरच्या ओझ्याकडे पाहिलं. मग ती पळाली. त्याच्याकडे नाही. ओटीच्या पायरीपाशी, जिथं आता कसलीही राख नाही तिथं गेली, वळून उभी राहिली आणि हात वर केला.

मी उठलो. गणपानं डोळ्यांनीच मला थांब म्हटलं.

"मी हाय उबा," तो तिला म्हणाला. "घाई नाय. येशील तवा ये."

भाऱ्यातून दाणे गळत होते. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. यमूचे पाय जागच्या जागी हलत होते, तुकारामच्या अंगठ्यासारखे. तिचा हात आणखी उंच गेला. मग मानेनं साथ सोडली तसा गणपा एका गुडघ्यावर आला, आणि मी धावत जाऊन भाऱ्याला हात लावला. आम्ही दोघांनी तो खाली उतरवला. गणपा पाठ करून पेंढ्या सारख्या करत राहिला.

"बाबा," यमू तिकडून म्हणाली, "मी दिसतेय ना?"

"दिसतेस गं."

मेढ रोवून झाली. उडवी रचून झाली. सुपं झाली, टोपली आली. यादीतलं शेवटचं काम आजही तसंच आहे: यमूला जवळ यायला शिकवणं.